आयते शब्द आणि किंमत मोजलेली गोष्ट

या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक ठरलेलीच असतात. लोणच्याला बुरशी का धरते, मोठा मुलगा अभ्यासाला बसत नाही, जाऊबाई टोचून बोलतात. पण गेल्या पंधरवड्यात अहिल्यानगरहून एका ख्रिस्ती भगिनीचं पत्र आलं आणि ते मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.

त्या आपल्या चर्चच्या महिला मंडळाचं छोटंसं वाचनालय सांभाळतात. एकच कपाट, त्यात दोनेकशे पुस्तकं. यंदा नवीन कथा-कादंबऱ्या घ्यायचा विषय निघाला, तेव्हा एक सभासद म्हणाल्या, "पैसे कशाला घालवायचे? फोनला सांगितलं की बायबलवर आधारलेली हवी तशी गोष्ट अर्ध्या मिनिटात लिहून देतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या भगिनी पुढे लिहितात : "ताई, मलाही उत्तर सुचलं नाही. पण मनात एक सल आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ दीड वर्षाचं होऊन गेलं. तेव्हा एका नातलगाने तिला एक सुंदर गोष्ट पाठवली होती. बाळाचं नाव त्यात होतं, देवदूत होते, स्वर्गातली बाग होती. ती वाचून बहीण खूप रडली, तिला बरं वाटलं. मग कळलं, ती गोष्ट यंत्राने लिहिली होती. तेव्हापासून ती त्या नातलगाशी बोलत नाही. शब्द तर तेच होते ना हो? मग दुखलं का?"

त्यांची परवानगी घेऊनच हे छापते आहे. प्रश्न एका चर्चच्या कपाटाचा दिसतो खरा, पण तो आपल्या प्रत्येकीच्या घरात शिरलेला आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. माझ्या घरी देव्हारा आहे, चतुर्थीला मोदक होतात. पण बी.ए.ला मराठी घेतलं होतं, आणि ख्रिस्ती कथांची ओढ तेव्हापासून लागली ती सुटलेली नाही. तेव्हा या प्रश्नाला हात घालायचं धाडस करते.

आधी यंत्राबद्दल दोन शब्द. उगाच त्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतली मी नव्हे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं आणि बघता बघता अशी यंत्रं घराघरात पोचली. सोसायटीची सूचना, बँकेला अर्ज, उरलेल्या भाताचं काय करावं, ही कामं ती झटपट करतात. ज्या बाईला अर्ज लिहायला दुसऱ्याची मनधरणी करावी लागत होती, तिची त्यातून सुटका झाली, हे लहान काम नाही.

पण ते गोष्ट कशी लिहितं? त्याला माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर दाखवलेला असतो. त्यातून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब ते बसवतं आणि त्या हिशेबाने एकेक शब्द पुढे ठेवत जातं. समजा, एखाद्या आचाऱ्याने लाखो पाककृती पाठ केल्या आहेत, पण त्याला जीभच नाही. त्याची आमटी चांगली होईल, कदाचित आपल्यापेक्षाही चांगली होईल. फक्त ती त्याला कधी आंबट लागलेली नसेल, इतकंच.

मी सकाळच्या शाळेत आठवीला अर्धवेळ मराठी शिकवते. 'माझी आजी' असा निबंध दिला होता. सात वह्यांमधली आजी एकच होती. प्रेमळ, सुरकुतलेल्या हातांची, तुळशीपाशी दिवा लावणारी. आठव्या वहीत एका मुलाने लिहिलं होतं की त्याची आजी गुळाचा खडा पदराच्या गाठीत लपवते, कारण तिला साखरेचा आजार आहे आणि आईने गूळ बंद केला आहे, आणि हे गुपित फक्त त्यालाच ठाऊक आहे. व्याकरणाच्या चुका अकरा होत्या. पण ती आजी वर्गात येऊन बसली!

आता ख्रिस्ती कथांकडे येऊ. मराठी कादंबरीचा पाळणा या कथांनीच हलवला, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? हरि केशवजींनी १८४१ साली इंग्रज लेखक जॉन बन्यन याचं पुस्तक 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणलं. पुढे १८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अभ्यासक तिचंच नाव घेतात. आणि तिचा विषय काय? विधवा. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात, गावोगाव त्यांना विधवा भेटतात. कुणाचं केशवपन झालेलं, कुणी घरात राबणारी, कुणी फसवली गेलेली. पुढे यमुनेवरच वैधव्य येतं आणि शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. विधवाविवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ चा, म्हणजे कादंबरीच्या जेमतेम एक वर्ष आधीचा. कायदा कागदावर होता, घरात वस्तरा होता.

पदमनजी बेळगावचे. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी धर्म बदलणं म्हणजे घर, जात, पंगत, सोयरीक, साऱ्यावर पाणी सोडणं. पंगतीतून उठवलेल्या माणसाने पंगतीत कधी न बसवल्या जाणाऱ्या बाईबद्दल लिहिलं. त्यांचा धर्म आपल्याला पटो न पटो, ते काय सोसून लिहीत होते हे वाचणाऱ्याला कळत होतं. ख्रिस्ती लोकांत याला साक्ष म्हणतात. आपल्याला साक्ष हा शब्द कोर्टातला वाटतो, आणि तो बरोबरच आहे. साक्ष देणाऱ्याला पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, उलटतपासणी सोसावी लागते, खोटं बोललं तर शिक्षा असते.

'यात्रिक क्रमण' ज्याच्या पुस्तकावरून झालं त्या बन्यनला तर खरोखरच गजाआड जावं लागलं. तो मूळचा भांडी दुरुस्त करणारा कारागीर. परवाना नसताना उपदेश करतो म्हणून १६६० साली त्याला बेडफर्डच्या तुरुंगात टाकलं. 'यापुढे करणार नाही' एवढं म्हटलं असतं तर सुटला असता. तो म्हणाला नाही, आणि बारा वर्षं आत राहिला. घर चालावं म्हणून आत बसून बुटांच्या नाड्या तयार करीत होता.

पण मैत्रिणींनो, माझं लक्ष राहून राहून त्याच्या बायकोकडे जातं. एलिझाबेथ ही त्याची दुसरी बायको. पदरात सवतीची चार मुलं, त्यातली थोरली मेरी आंधळी. नवऱ्याच्या अटकेच्या धक्क्याने हिला अवेळी कळा आल्या आणि मूल गेलं. तरी १६६१ साली ही बाई उठून न्यायाधीशांपुढे उभी राहिली आणि नवऱ्याची बाजू मांडली. चार लहान मुलं आहेत, एक आंधळी आहे, शेजाऱ्यांच्या दयेवर जगतो, हे तिने भर सभेत सांगितलं. सुटका झाली नाही ती नाहीच. १६७८ साली छापलेल्या त्या पुस्तकात पाठीवर ओझं घेऊन चाललेला एक प्रवासी आहे. ते ओझं कसं असतं हे त्या घराला विचारायला नको होतं.

दुसरं उदाहरण आपल्यासारख्याच एका प्रपंचातल्या बाईचं. अमेरिकेतल्या हॅरिएट बीचर स्टो हिला सात मुलं. नवरा प्राध्यापक, पैशाची सदा ओढाताण. १८४९ साली सिनसिनाटीत पटकीची साथ आली आणि तिचा दीड वर्षाचा चार्ली गेला. पुढे तिने लिहून ठेवलं की बाजारात जिचं मूल तोडून विकलं जातं त्या गुलाम आईला काय होत असेल, ते मला चार्लीच्या अंथरुणापाशी कळलं. १८५० मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून देणारा कडक कायदा झाला. मग १८५१ च्या जूनपासून तिची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी एका साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. साप्ताहिकात बरं का, अगदी आपल्यासारखी! घरातल्या कामांच्या रगाड्यात तिने दर आठवड्याचा मजकूर दिला. १८५२ साली पुस्तक निघालं आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत त्याच्या तीन लाख प्रती खपल्या. त्यातली इलायझा मूल छातीशी धरून बर्फाच्या लाद्यांवरून नदी ओलांडते. टॉम दुसऱ्या गुलाम बाईवर चाबूक उगारायला नकार देतो, लपलेल्या दोघींचा ठावठिकाणा सांगत नाही, आणि मार खाऊन मरतो.

या पुस्तकात उणंही आहे. गोऱ्या बाईने काळ्या माणसांची काढलेली चित्रं पुढच्या पिढीतल्या काळ्या वाचकांना खटकली, आणि 'अंकल टॉम' ही तर पुढे शिवीच झाली. म्हणजे हिचीही उलटतपासणी झालीच. पण त्यासाठी पिंजऱ्यात कुणीतरी उभं होतं. यंत्राच्या गोष्टीत काही चुकीचं निघालं तर आपण जाब कुणाला विचारणार?

आता पत्रातल्या त्या बहिणीकडे येते. तिला मी एक रशियन गोष्ट सांगणार आहे.

दस्तयेवस्की या लेखकाचा धाकटा मुलगा अल्योशा १८७८ च्या मे महिन्यात फिट येऊन गेला. तीन वर्षांचाही पुरा नव्हता. घरात सूतक उतरलं. तेव्हा तो एका मठात गेला. तिथे अँब्रोझ नावाचे एक वृद्ध साधू होते. त्यांच्याशी बोलून, बायकोसाठी त्यांचा निरोप घेऊन तो परत आला. पुढे १८८० साली 'द ब्रदर्स करमाझफ' ही कादंबरी पुरी झाली. तिच्यात एक खेडूत बाई मठातल्या साधूकडे येते. तिचा तीन वर्षांचा मुलगा गेलेला आहे. नाव अल्योशाच. लेखकाची पत्नी अ‍ॅना हिने आठवणींत लिहिलं आहे की साधू त्या बाईला जे सांगतात, ते शब्द मठातून माझ्यासाठीच आले होते.

त्या प्रसंगात काय होतं, ते नीट बघा. साधू आधी तिला सांगतात की तुझं बाळ देवदूतांत आहे, सुखात आहे. ती म्हणते, माझा नवराही हेच सांगतो. आणि तिचं रडं थांबत नाही. तो शब्द खोटा नाही, पण तो आयता आहे, तिने तो आधीच ऐकलेला आहे. मग साधू थांबतात. म्हणतात, बरं, नको सांत्वन करून घेऊस, रड. रडताना दरवेळी आठव की तो तिकडून बघतो आहे. मग बाळाचं नाव विचारतात. आणि शेवटी तिला दटावतात की नवऱ्याला एकटं टाकून आलीस, आधी घरी जा.

तर भगिनी, तुमच्या बहिणीला पाठवलेल्या गोष्टीत देवदूत होते, बाग होती, बाळाचं नावही होतं. शब्दांत काही कमी नव्हतं. आणि ती रडली तेही खरंच रडली, त्यात फसण्यासारखं काही नाही. पण सांत्वन म्हणजे नुसते शब्द नसतात. कुणीतरी आपला वेळ मोडून, आपल्यासाठी, अडखळत का होईना, ते शब्द शोधलेले असतात. मयताच्या घरी आपण पिठलं-भात घेऊन जातो, तो काही ते उत्तम पक्वान्न असतं म्हणून नव्हे. तिला वाटलं की कुणीतरी रात्र जागून माझ्या बाळाचा विचार केला. तो विचार कुणी केलाच नव्हता, हे कळलं, तेव्हा दुखलं. यंत्राने तिला दगा दिला नाही. ज्याने बसायला यायचं होतं, त्याने यंत्राला पाठवलं. तरी त्या नातलगावर फार राग धरू नये, असंही बहिणीला सांगा. शब्द सुचत नाहीत म्हणूनच माणसं आयत्याकडे वळतात. त्यांना एकदा चहाला बोलवा आणि बाळाबद्दल बोलू द्या, कसंही बोलू द्या.

कुणी म्हणेल, माणसांनी लिहिलेल्या ख्रिस्ती कथा काय सगळ्या अशा तोलामोलाच्या असतात? अजिबात नाही! दारुडा नवरा, सोशिक बायको, शेवटच्या पानावर प्रार्थना आणि लगेच सगळं ठाकठीक, अशा कथा माणसांनी ढिगाने लिहिल्या आहेत. 'यमुनापर्यटना'तही पानंच्या पानं प्रवचन आहे. आपल्याकडच्या व्रतकथांच्या नकलाही अशाच साच्यातून निघतात. साच्यातल्या गोष्टी यंत्र आता फुकट देतं, तेव्हा त्या विकत घ्यायचं कारण उरलं नाही, हे त्या सभासद बाईंचं म्हणणं मला मान्य आहे. पण म्हणूनच साच्याबाहेरच्या गोष्टींची किंमत वाढली.

ती ओळखायची कशी? मी पुस्तक हाती घेताना तीन गोष्टी बघते.

पहिली, दुसऱ्या बाजूला बोलू दिलं आहे का? दस्तयेवस्की श्रद्धावान होता. तरी त्याच कादंबरीत निष्पाप लेकरांच्या हालांवरून देवाला जाब विचारणारा ईव्हान त्याने इतका समर्थ उभा केला की भल्याभल्या भाविकांना उत्तर सुचत नाही. नास्तिकाला मूर्ख ठरवणारं पुस्तक मी परत ठेवते.

दुसरी, चांगुलपणाला काही पडतं का? 'ले मिझराब्ल' या १८६२ सालच्या फ्रेंच कादंबरीत बिशप चांदीची भांडी चोरणाऱ्याला पोलिसांपुढे वाचवतो आणि वर चांदीच्या मेणबत्तीदाण्याही देऊन टाकतो. त्याची चांदी खरोखर जाते, तेव्हा चोराचं मन हलतं.

तिसरी, गोष्ट माझी खुशामत करते की मला काही विचारते? यंत्राला आपण मागू ते ते देतं, 'वा, छान विचारलंत' असंही म्हणतं. खुद्द येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट बघा, लूकच्या पंधराव्या अध्यायातली. धाकटा परत येतो, मेजवानी होते, इथपर्यंत सर्वांना ठाऊक असतं. पण थोरला भाऊ रागावून अंगणात उभा राहतो. मी इतकी वर्षं राबलो, मला कधी करडू तरी दिलंत का? बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. आणि गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला की नाही, लिहिलेलंच नाही. कारण ती गोष्ट ज्यांना सांगितली ते शास्त्री आणि परुशी स्वतःच थोरले होते. आत जायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं. सासर-माहेरच्या वाटण्या पाहिलेल्या आपल्यापैकी कितीजणी त्या अंगणात उभ्या राहिल्या असतील! यंत्राला सांगा, ते क्षणात शेवट लिहून देईल, दोघे भाऊ मिठी मारतील. पण तो शेवट लिहायचं काम आपलं होतं.

तेव्हा कपाटासाठी माझा सल्ला असा. पैसे थोडे असतील तर पुस्तकं थोडीच घ्या, पण निवडून घ्या. 'यमुनापर्यटन' ठेवाच. वर सांगितलेल्या परदेशी पुस्तकांचे मराठी अनुवाद मिळाले तर ते ठेवा. जाड पुस्तकं बघून बायका बिचकतात, म्हणून टॉलस्टॉयच्या लहान कथांपासून सुरुवात करा. मार्टिन चांभाराची १८८५ सालची कथा दुपारच्या अर्ध्या तासात वाचून होते. महिन्यातून एका दुपारी एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी शेंगा सोलाव्यात नाहीतर मेथी निवडावी. शेवटची पाच पानं राखून ठेवा आणि विचारा, 'तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतं?' यंत्राचाही उपयोग करा. जुन्या मराठीतला शब्द अडला, रशियन नावांचा गोंधळ झाला, तर त्याला विचारा, आणि सांगितलेलं एकदा शब्दकोशात पडताळून घ्या.

मुलांवर मात्र सक्ती नको. दिवंगत पोप फ्रान्सिस तरुणपणी, १९६४-६५ साली, अर्जेंटिनातल्या एका शाळेत साहित्य शिकवत होते. नेमलेला जुना ग्रंथ मुलांना रुचेना, त्यांना लोर्का हवा होता. तेव्हा त्यांनी ठरवलं, जुना ग्रंथ घरी वाचा, वर्गात तुमच्या आवडीच्या लेखकांवर बोलू. पोप झाल्यावर २०२४ साली साहित्यवाचनाच्या महत्त्वावर त्यांनी एक पत्र लिहिलं, त्यात ही आठवण सांगितली आहे. आम्हा शिक्षिकांनी ती फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे.

आणि एक काम आजच करण्यासारखं. तुमच्या घरात, ओळखीत, कुणी दुःखात असेल तर तिला चार ओळी स्वतःच्या हाताने लिहा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल. मजकूर सुचला नाही तर एवढंच लिहा, 'काय लिहावं कळत नाही, गुरुवारी येते.' आणि गुरुवारी जा.